जॅक द रिपर पोलिसांना का सापडला नाही?

दर दोन-चार वर्षांनी ही बातमी नव्याने येते: जॅक द रिपर कोण होता ते अखेर कळलं! व्हॉट्सॲपवर ती फिरते, यूट्यूबवर कुणीतरी भीतीदायक संगीत लावून ती वाचून दाखवतं आणि खाली कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास येतो: तेव्हाच्या पोलिसांना एवढं कसं जमलं नाही? स्कॉटलंड यार्डचं नाव आपल्याकडे रहस्यकथा वाचणाऱ्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. त्या यार्डाला स्वतःच्याच शहरात, तासाभरात पायी पालथा घालता येईल अशा वस्तीत खून करणारा माणूस सापडू नये?

याची दोन उत्तरं तयारच असतात. एक, पोलीस मूर्ख होते. दुसरं, खुनी कुणीतरी बडा माणूस होता आणि प्रकरण दाबलं गेलं. ऐकायला दोन्ही उत्तरं झकास आहेत. पण तपासाचे जे कागद उरले आहेत ते पाहिले तर चित्र वेगळं दिसतं. पोलिसांकडे माहिती कमी नव्हती, उलट अंगावर येईल इतकी होती. त्यातली खरी कोणती आणि खोटी कोणती, हे ठरवायचं साधन मात्र त्यांच्याकडे नव्हतं.

आधी घडलं काय ते पाहू

वर्ष १८८८. लंडनच्या पूर्व भागातली व्हाइटचॅपल ही गरिबांची वस्ती. ३१ ऑगस्टच्या पहाटे बक्स रो नावाच्या गल्लीत मेरी ॲन निकल्सचा मृतदेह सापडला. ८ सप्टेंबरला हॅनबरी स्ट्रीटवरच्या एका घराच्या परसात ॲनी चॅपमन. ३० सप्टेंबरला एकाच रात्री दोघी: एलिझाबेथ स्ट्राइड आणि पाऊण तासाने कॅथरिन एडोज. ९ नोव्हेंबरला मिलर्स कोर्टमधल्या भाड्याच्या खोलीत मेरी जेन केली. या पाचही जणींचे खून एकाच हातचे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पोलिसांच्या फायलीत मात्र एप्रिल १८८८ ते फेब्रुवारी १८९१ या काळातले अकरा खून आहेत. म्हणजे एकाच माणसाने नेमके किती खून केले, इथूनच वादाला सुरुवात होते.

अशा माणसाला आज आपण ‘सीरियल किलर’ म्हणतो. काही काळाचं अंतर ठेवून, बहुधा अनोळखी माणसांचे एकामागून एक खून करणारा. हा शब्द रूढ झाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८८८च्या पोलिसांकडे ना हा शब्द होता, ना अशा तपासाची ठरलेली पद्धत.

अनोळखी माणसाचा माग काढायचा कसा?

खुनाच्या तपासातला सगळ्यात जुना प्रश्न असतो: यात फायदा कुणाचा, राग कुणाचा? नवरा, प्रियकर, भाऊबंद, देणेकरी. बहुतेक खून ओळखीतलीच माणसं करतात, त्यामुळे हा प्रश्न विचारणं शहाणपणाचंच असतं. पण मारणारा आणि मेलेली यांची ओळखच नसेल तर? घरातला ऐवज गेला तर आपण घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं काढतो. एसटी स्टँडवर पाकीट मारलं गेलं तर नावं कुणाची काढणार?

लंडनच्या पोलिसांनी मेलेल्या बायकांच्या ओळखीपाळखीची माणसं शोधली, त्यांना विचारलं, सोडून दिलं. तिथेच हा रस्ता संपला.

वस्तीही अशी की माणूस सहज विरघळून जावा. पोलिसांच्या त्या वर्षीच्या अंदाजानुसार व्हाइटचॅपल भागात २३३ सार्वजनिक निवासगृहं होती आणि त्यांत साडेआठ हजारांवर माणसं झोपत. चार पेनी दिले की रात्रीपुरती खाट मिळे. नावगाव कुणी विचारत नसे, आणि विचारलंच तर खरं सांगायची सक्ती नव्हती. ॲनी चॅपमनकडे त्या रात्री खाटेचे पैसे नव्हते, म्हणून तिला पहाटे दोनच्या सुमारास बाहेर पडावं लागलं. दुसरीकडे गोदी कामगार, खाटीक आणि बाजारातले हमाल पहाटेच कामावर निघत. बक्स रोच्या शेजारच्याच गल्लीत घोडे कापण्याचा कारखाना होता आणि तो रात्रपाळीत चाले. कपड्यांवर रक्ताचे डाग घेऊन पहाटे चार वाजता घरी जाणारा माणूस इथे कुणाच्या डोळ्यांत भरला नसता.

पोलीस हातावर हात ठेवून बसले होते का?

मुळीच नाही. १९ ऑक्टोबरचा चीफ इन्स्पेक्टर डोनाल्ड स्वॉन्सन यांचा अहवाल उपलब्ध आहे. ८०,००० पत्रकं घरोघर वाटली. निवासगृहांतल्या २,००० हून जास्त माणसांची चौकशी केली. ८० जणांना ठाण्यात आणून त्यांचे जबाब पडताळले, आणखी ३०० हून जास्त जणांच्या हालचाली तपासल्या. ७६ खाटीक आणि कत्तलवाल्यांकडे जाऊन आले. इतकंच काय, अमेरिकन प्रदर्शनात आलेल्या तीन ‘काउबॉय’ मंडळींनाही शोधून त्यांचा हिशेब लावला. हे वाचताना हसू येतं, पण कुठे पाहायचं हेच ठाऊक नसलं की माणूस सगळीकडे पाहतो.

गस्तही वाढवली होती. पण त्या गस्तीची मर्यादा, एडोजचा खून झाला त्या माइटर स्क्वेअर नावाच्या चौकाइतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. त्या काळच्या शिपायाचा रस्ता ठरलेला असे, त्याला ‘बीट’ म्हणतात. आपल्याकडे पोलीस ठाण्यात आजही हाच शब्द आहे. वॉटकिन्स नावाच्या शिपायाची फेरी बारा ते चौदा मिनिटांची होती. दीड वाजता तो चौकातून गेला तेव्हा तिथे कुणी नव्हतं. १:३५च्या सुमारास जोसेफ लावेंडे नावाच्या माणसाने चौकाच्या तोंडाशी एक बाई आणि एक पुरुष उभे असलेले पाहिले. १:४०च्या सुमारास दुसरा शिपाई बोळातून चौकाच्या कडेपर्यंत येऊन मागे फिरला. त्याला काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. १:४४ला वॉटकिन्स परत आला तेव्हा त्याच्या कंदिलाच्या उजेडात एडोजचा मृतदेह होता. चौकातल्याच गोदामात निवृत्त पोलीस शिपाई पहारेकरी म्हणून जागा होता. चौकातल्याच एका घरात नोकरीवर असलेला पोलीस झोपला होता.

आणखी चार शिपाई लावले असते तर? कदाचित सापडला असता. पण ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्याने येणारा माणूस चोराला धाक घालायला ठीक असतो. त्याची पाठ वळेपर्यंत थांबायचं, एवढं ज्याला कळतं त्याच्यासमोर ती शिस्तच उघडी पडते.

एका सकाळचे चार जबाब

आता मूळ मुद्दा, आणि त्यासाठी हॅनबरी स्ट्रीटवरची ती एक सकाळ नीट पाहायला हवी.

ॲनी चॅपमनचा मृतदेह सकाळी सहाच्या सुमारास सापडला. साडेसहाला डॉ. जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स आले. त्यांचं मत पडलं, मृत्यू होऊन निदान दोन तास झाले, कदाचित जास्तच. म्हणजे साडेचार किंवा त्याआधी.

पण जॉन रिचर्डसन नावाचा माणूस पावणेपाचच्या सुमारास त्याच परसाच्या पायरीवर बसला होता. बुटाचं चामडं बोटाला टोचत होतं, ते त्याने सुरीने कापलं आणि तो निघून गेला. मृतदेह तिथे असता तर त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर असता. त्याने काही पाहिलं नाही. शेजारच्या घरातला अल्बर्ट कॅडॉश सव्वापाचनंतर परसात आला होता. कुंपणापलीकडून ‘नाही’ असा शब्द आणि थोड्या वेळाने काहीतरी कुंपणावर आदळल्याचा आवाज त्याने ऐकला. एलिझाबेथ लाँग या बाईने साडेपाचला त्याच घरासमोर चॅपमनला एका पुरुषाशी बोलताना पाहिलं, असं ती शपथेवर सांगत होती. तिला त्या पुरुषाची फक्त पाठ दिसली.

आता तुम्ही तपास अधिकारी आहात असं समजा. डॉक्टर बरोबर असतील तर लाँगबाईंनी पाहिलेला माणूस खुनी असूच शकत नाही आणि तिचं वर्णन घेऊन फिरणं म्हणजे वेळेचा नास. लाँगबाई बरोबर असतील तर डॉक्टर चुकले. शिवाय तिचं साडेपाच आणि कॅडॉशचं सव्वापाचनंतर हेही एकमेकांत नीट बसत नाही. घड्याळ सगळ्यांकडे नव्हतंच, माणसं चर्चच्या नाहीतर दारूभट्टीच्या घड्याळाचे टोले ऐकून वेळ सांगत.

आज आपल्याला डॉक्टरांचा शब्द आपोआप वजनदार वाटतो. पण फिलिप्स यांनी ती वेळ मुख्यतः हाताने अंगाचा गारवा पाहून काढली होती. सकाळ थंड होती, रक्त बरंच गेलं होतं आणि अशा वेळी शरीर लवकर गार पडतं, हे त्यांनी स्वतःच कोरोनरसमोर मान्य केलं. (कोरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची जाहीर चौकशी करणारा अधिकारी. मुंबईतही हे पद अनेक वर्षं होतं.) चौकशीचं काम पाहणारे वाइन बॅक्स्टर यांनी शेवटी साक्षीदारांच्या बाजूने कल दिला. मला ते पटतं, पण खात्री त्यांनाही नव्हती.

प्रत्येक खुनाच्या वेळी हेच. जबाब आहेत, वर्णनं आहेत, पण एकाला खरं धरलं की दुसऱ्याला खोटं धरावं लागतं. वाद सोडवायला रक्ताची चाचणी नाही, बोटांचे ठसे नाहीत. डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे खात्रीने सांगणारी चाचणी १९०१मध्ये आली. तेव्हा खाटकाच्या सुरीवर रक्त सापडलं, तरी तेवढ्यावरून पोलिसांच्या हाती काहीच लागत नव्हतं.

‘पुरावा तर पोलिसांनीच पुसला!’

हा आक्षेप मात्र खरा आहे. एडोजच्या एप्रनचा कापलेला, रक्ताने माखलेला तुकडा पहाटे २:५५ला गोल्स्टन स्ट्रीटवरच्या एका चाळीच्या दारात सापडला. त्याच्या वर भिंतीवर खडूने ज्यू लोकांबद्दल एक वाक्य लिहिलेलं होतं. इथे हद्दीचा घोळ झाला. माइटर स्क्वेअर सिटी ऑफ लंडनच्या पोलिसांकडे, गोल्स्टन स्ट्रीट मेट्रोपोलिटन पोलिसांकडे, म्हणजे स्कॉटलंड यार्डाकडे. ही दोन वेगळी पोलीस दलं आणि दोन वेगळे आयुक्त. सिटीच्या गुप्तहेराचं म्हणणं होतं, उजेड होऊ द्या, फोटो काढू. निदान वरची ओळ तेवढी पुसा, असाही तोडगा त्याने सुचवला. मेट्रोपोलिटनचे आयुक्त सर चार्ल्स वॉरन स्वतः तिथे आले आणि पहाटे साडेपाचच्या सुमारास सगळंच पुसून टाकायला लावलं. त्या वाक्यातले शब्द नेमके कसे होते, यावर आजही एकमत नाही, कारण ज्यांनी ते उतरवून घेतलं त्यांच्या वह्यांतच फरक आहे.

वॉरन यांची बाजू अशी: थोड्या वेळात बाजार भरणार, त्या भागात पोलंड आणि रशियातून आलेले ज्यू निर्वासित मोठ्या संख्येने राहतात, आणि आधीच ‘लेदर एप्रन’ नावाच्या संशयितावरून त्यांच्याविरुद्ध वातावरण तापलेलं. ही भीती खोटी नव्हती. जॉन पायझर नावाच्या चांभाराला त्याच नावाच्या संशयावरून १० सप्टेंबरला पकडलं होतं आणि तो निर्दोष निघाला होता. तरीही भिंतीवर तासभर चादर टांगता आली असती, असं मला वाटतं.

बाकी हयगयही होती. मेरी ॲन निकल्सचा मृतदेह शवागारात नेल्यावर तिथल्या दोन कामगारांनी डॉक्टरांच्या तपासणीआधीच तो धुऊन काढला. केलीच्या वेळी तर वेगळीच तऱ्हा. मृतदेह पावणेअकराला खिडकीतून दिसला, पण माग काढणारी शिकारी कुत्री येणार म्हणून पोलीस दाराबाहेर थांबून राहिले. बार्नबी आणि बर्गो या दोन कुत्र्यांची ऑक्टोबरमध्ये लंडनच्या बागांत चाचणी झाली होती, त्यात खुद्द वॉरन पळणारा गुन्हेगार झाले होते. पण ती कुत्री आता लंडनमध्ये उपलब्धच नव्हती, हे दाराशी थांबलेल्यांना कुणी कळवलं नव्हतं. दीड वाजता दार फोडलं. त्या खोलीच्या खिडकीची काच फुटलेली होती आणि केली तिच्यातून हात घालूनच दाराची कडी काढत असे, हे नंतर कळलं.

पत्रांचा पूर

‘जॅक द रिपर’ हे नाव पोलिसांनी दिलेलं नाही, ते एका पत्राखाली सही म्हणून आलं. सप्टेंबरच्या शेवटी सेंट्रल न्यूज या वृत्तसंस्थेला ते मिळालं. पोलिसांनी त्याची छायाप्रत भिंतींवर लावली, कुणी अक्षर ओळखेल या आशेने. परिणाम उलटा झाला. त्याच नावाने शेकडो पत्रं येऊ लागली. ब्रॅडफर्डमध्ये अशी पत्रं लिहिल्याबद्दल २१ वर्षांच्या एका मुलीवर खटलाही झाला. मूळ पत्र एखाद्या पत्रकाराचंच असावं, असं पुढे काही वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचं मत झालं.

प्रत्येक पत्रामागे कुणीतरी अधिकारी धावला. ती धाव कुठल्या कामातून काढून घेतलेली होती, याचा हिशेब कोण करणार?

वरचे साहेब भांडत होते, त्याने फरक पडला का?

थोडा. गुन्हे शाखेचे प्रमुख जेम्स मन्रो यांनी वॉरनशी खटके उडाल्यामुळे ऑगस्टमध्येच राजीनामा दिला. मन्रो पूर्वी बंगालमध्ये पोलीस महानिरीक्षक होते आणि तिथल्याच ओळखीच्या मेल्व्हिल मॅकनॉटन यांना त्यांना खात्यात आणायचं होतं. वॉरन यांनी नकार दिला, हेही भांडणाचं एक कारण. मन्रोंच्या जागी आलेले रॉबर्ट अँडरसन प्रकृतीच्या कारणाने थेट स्वित्झर्लंडला रजेवर गेले. केलीचा खून झाला त्याच सुमारास वॉरन यांचाही राजीनामा मंजूर झाला. बातम्यांना हे मीठमसाला म्हणून छान. पण रस्त्यावर काम करणारे ॲबरलाइन, रीड हे इन्स्पेक्टर तेच होते आणि राबत होते. वर घडी बसलेली असती म्हणून लाँगबाईंना त्या माणसाचा चेहरा दिसला नसता.

आज असता तर सापडला असता ना?

बोटांच्या ठशांपासून सुरुवात करू. ठशांची कल्पना १८८८मध्ये नवी नव्हती. विल्यम हर्शेल यांनी बंगालमध्ये १८५८मध्येच करारावर पंजाचा ठसा घेतला होता आणि हेन्री फॉल्ड्स यांनी १८८०मध्ये गुन्हेगार ओळखायला ठसे वापरता येतील असं ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. अडचण वेगळीच होती: हजारो ठशांतून हवा तो शोधून काढायचा कसा? ते वर्गीकरण कलकत्त्यात एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवलं. १८९७मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला, स्कॉटलंड यार्डात १९०१मध्ये. व्हाइटचॅपलला ही विद्या तेरा वर्षं उशिरा पोहोचली.

तरी ‘आज असता तर लगेच’ असं म्हणायला मी धजणार नाही. १९७५ ते १९८० या काळात उत्तर इंग्लंडमध्ये पीटर सटक्लिफने तेरा बायकांचे खून केले. पोलिसांकडे ठशांचं तंत्र होतं, रक्तगटाची तपासणी होती, शेकडो माणसं होती. सटक्लिफची त्यांनी नऊ वेळा चौकशी करून त्याला सोडलं. १९७९मध्ये एका भामट्याने ‘मी जॅक’ म्हणत ध्वनिफीत पाठवली आणि पोलीस त्या आवाजाच्या बोलीमागे भलत्याच भागात लागले. तपासाची कार्डं इतकी साठली की एका माणसाच्या नावाच्या नोंदी एकत्र येईनात. शेवटी जानेवारी १९८१मध्ये गाडीवर खोटी नंबरप्लेट आहे म्हणून तो पकडला गेला.

पण डीएनएने सिद्ध झालं म्हणतात!

ही बातमी एका शालीची आहे. ती कॅथरिन एडोजची असल्याचं सांगितलं जातं. तिच्यावरचा डीएनए ॲरन कॉस्मिन्स्की या पोलिश ज्यू न्हाव्याच्या नातेवाइकांशी जुळतो, असा दावा २०१४मध्ये झाला आणि २०१९मध्ये त्यावर शोधनिबंध आला. जुळवलेला डीएनए मायटोकॉन्ड्रियल होता, म्हणजे फक्त आईकडून येणारा. तो हजारो लोकांत सारखा असू शकतो. एखाद्याला यादीतून वगळायला तो उपयोगी, ‘हाच तो’ म्हणायला अपुरा. शाल कितीतरी हातांतून फिरली आहे.

त्याहून मोठी अडचण म्हणजे पोलिसांची यादी. एडोजच्या अंगावरच्या आणि खिशातल्या एकूण एक वस्तू त्यांनी लिहून ठेवल्या होत्या. एक डबी चहाची, एक साखरेची. साबणाचे सहा तुकडे. दोन मातीच्या चिलमी, एक फणी, एक चमचा, लाल रंगाचा एकच हातमोजा. बेघर बाई सगळा संसार अंगावर घेऊन फिरत होती आणि लिहिणाऱ्याने चिंधीसुद्धा सोडली नाही. त्या यादीत ही शाल नाही.

मग पोलिसांना कुणाचा संशय होता?

मॅकनॉटन पुढे खात्यात आलेच. १८९४मध्ये त्यांनी टिपणात तीन नावं लिहिली आणि त्यांतल्या माँटेग्यू ड्रुइटवर त्यांचा कल होता. त्याला ते डॉक्टर समजत होते. तो होता बॅरिस्टर आणि शाळामास्तर. त्यांचा तिसरा संशयित मायकेल ऑस्ट्रॉग, खून होत होते तेव्हा फ्रान्सच्या तुरुंगात होता. अँडरसन यांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं की खुनी पोलिश ज्यू होता, आणि स्वॉन्सन यांनी त्याच पुस्तकाच्या समासात कॉस्मिन्स्कीचं नाव टिपून ठेवलं. ॲबरलाइन यांनी १९०३मध्ये बायकांना विष घालून मारणाऱ्या जॉर्ज चॅपमनकडे बोट दाखवलं. विशेष शाखेचे माजी प्रमुख लिटलचाइल्ड यांनी १९१३मध्ये एका पत्रात टंबल्टी नावाच्या अमेरिकन भोंदू डॉक्टरचं नाव घेतलं.

सगळे एकाच खात्यातले. ज्या फायली आपल्याला कधीच पाहायला मिळणार नाहीत, त्या त्यांना उघड्या होत्या. सिटी पोलिसांचे बहुतेक कागद पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत नष्ट झाले.